पुढचीला विचारून

पडद्यावरच्या मृण्मयीने केस कापले होते. खऱ्या मृण्मयीला आधी तेच दिसलं आणि तिचा हात नकळत स्वतःच्या वेणीकडे गेला.

"टोपीत मावत नाहीत गं," पडद्यावरची हसून म्हणाली. "नवजात कक्षात शिरताना दर वेळी टोपी घालायची, केस कोंबायचे. एक दिवस वैतागून कापूनच टाकले. तुलाही आवडतील बघ."

आवाज तिचाच होता. फक्त त्यांच्या वरूडच्या बोंडे घराण्याचा हेल कुठेतरी गाळून टाकल्यासारखा वाटत होता. डोळ्यांखाली जरा काळं, पण बसणं ताठ. मागे अरुणिमा बालरुग्णालयाची काचेची भिंत आणि भिंतीपलीकडे पुण्याचं ढगाळ आभाळ.

"कसं आहे तिथं?" मृण्मयीने विचारलं. याचं उत्तर दर वेळी एकच येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तोंडातून निघून गेलाच.

"छान आहे. काम खूप आहे, पण ते कुठे नसतं? शिकायला मात्र इथल्यासारखं दुसरीकडे मिळणार नाही. तू ये. डोळे मिटून पहिल्या पसंतीला अरुणिमा टाक."

मृण्मयीने आभार मानून पडदा बंद केला. स्वतःचे आभार मानायची तिची ही पाचवी खेप. पाचही रुग्णालयांच्या संकेतस्थळांवर पाच मृण्मयी भेटल्या होत्या, आणि पाचही जणी म्हणाल्या होत्या, ये.

एमबीबीएस झालेल्याला पुढे एखाद्या विषयात तरबेज व्हायचं तर तीन वर्षं कुठल्यातरी रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून राबावं लागतं. हे पूर्वीही होतं, मृण्मयीच्या वेळीही होतं. कुठलं रुग्णालय मिळणार ते परीक्षेतला क्रमांक आणि स्वतःची पसंती यांवर ठरायचं. आणि पसंती कशावरून ठरवायची? तर संकेतस्थळावरून. जुन्या काळी ही संकेतस्थळं म्हणजे निव्वळ देखावा असे. निवृत्त होऊन नातवंडं खेळवणारे प्राध्यापक तिथे अजून विभागप्रमुख असत. वसतिगृह म्हणून भलत्याच इमारतीचा फोटो असे. आणि रजा किती, पाळ्या किती, जेवायची सोय काय, हे ज्या पानावर हवं तिथे 'लवकरच येत आहे' एवढंच. मुलंही काही कमी बेरकी नव्हती. विभागप्रमुखांचा संदेश वगैरे कोणी वाचत नसे. ती थेट निवासी डॉक्टरांच्या गटफोटोंवर जात. पहिल्या वर्षाच्या फोटोतले चेहरे दुसऱ्या वर्षाच्या फोटोत शोधत. एखादा चेहरा गळालेला दिसला की ओळखीपाळखी काढून तिथे फोन लावत. फोनवरचा निवासी डॉक्टर म्हणे, सगळं छान आहे. कारण शेजारी सिनियर उभा असे. सिनियर नसला तरी तो तेच म्हणे. त्या जगात कुरकुर करणाऱ्याला नाजूक म्हणतात आणि हा शिक्का एकदा बसला की तो पुसत नाही.

मग पूर्वप्रतिमा आल्या. सरकारी नाव पूर्वप्रतिमा, मुलांच्या तोंडी नुसतं 'पुढची' किंवा 'पुढचा'. कल्पना तशी साधी. उमेदवाराने आपलं सगळं द्यायचं: बोलणं, लिहिणं, इंटर्नशिपमधली कामाची नोंद, राग केव्हा येतो, झोप केव्हा उडते, सगळं. त्यावरून संगणकात त्याची एक हुबेहूब प्रत तयार व्हायची. रुग्णालयाने आपली माहिती द्यायची: खाटा किती, गर्दी किती, सिनियर कसे, संडासला जायला सवड मिळते की नाही. मग त्या प्रतीला त्या रुग्णालयात सोडायचं आणि तिची तीन वर्षं भराभर पुढे न्यायची. हवामान खात्याला कुठल्या पानावर कुठला थेंब पडेल ते सांगता येत नाही, पण पाऊस सांगता येतो. तसंच हेही होतं. तीन वर्षं संपली की जी उरे ती पुढची. तिच्याशी रुग्णालयाच्या संकेतस्थळावर बोलता येई. प्रत्येक रुग्णालयाला ही सोय ठेवणं कायद्यानेच भाग होतं. आणि पसंतीला कुलूप लागलं की न निवडलेल्या साऱ्या प्रतिमा पुसून टाकायच्या, हाही कायदाच. नाहीतर रुग्णालयांनी त्यांना फुकटात राबवून घेतलं असतं.

सोय उत्तमच होती. पण मृण्मयीची पसंती अडली होती ती तिच्या भावामुळे.

सारंगदादा सर्जन होऊन तीन वर्षं झाली होती. निवासी डॉक्टर म्हणून जायच्या आधीचा सारंग म्हणजे घरातला भोंगा. गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल करायचा, आईला हसवून हसवून पोळी करपवायचा. तीन वर्षांनी जो परत आला तो सभ्य, नीटनेटका, हुशार माणूस होता. गेल्या वर्षी आई तापाने फणफणली तेव्हा तो आला, नाडी बघितली, औषध लिहिलं, आणि आई काहीतरी सांगत असतानाच चपला घालून निघून गेला. आई म्हणाली, कामात असते बिचारा. मृण्मयीने एकदा त्याला सरळ विचारलं होतं, "दादा, तुला तिथं त्रास झाला का रे?" तो म्हणाला, "माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली तीन वर्षं." आणि ते त्याने मनापासून सांगितलं, हेच तिला भयंकर वाटलं.

मृण्मयीला कष्टांची भीती नव्हती. तिला आपण नाहीसं होण्याची भीती होती. तिचा क्रमांक इतका वरचा होता की जे रुग्णालय पहिलं टाकेल ते तिला मिळणार हे उघड होतं. म्हणजे दोष द्यायला नशीबसुद्धा उरलं नव्हतं.

म्हणून ती नागपूरला डॉ. हेमांगी चांदूरकरांकडे गेली. पूर्वप्रतिमांचं गणित मांडणाऱ्या चमूत या बाई पहिल्यापासून होत्या. आता त्या उमेदवारांच्या मार्गदर्शन केंद्रात बसत आणि येईल त्याच्या शंका ऐकत. खोलीत वातानुकूलन होतं, पण बाईंना ते सोसत नसे, म्हणून ते बंद करून एक म्हातारा टेबलपंखा घरघरत ठेवला होता.

"मॅडम, माझ्या पाचही पुढच्या 'ये' म्हणतात."

"सगळ्यांच्याच म्हणतात," बाई म्हणाल्या. "बस. पाणी घे."

"म्हणजे रुग्णालयं त्यांना पढवून ठेवतात?"

"तसं असतं तर किती बरं झालं असतं. दोन-चार जणांना तुरुंगात टाकलं असतं आणि मोकळे झालो असतो. नाही गं. प्रतिमेला रुग्णालय हात लावू शकत नाही. आम्हीही लावत नाही." बाईंनी पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं. "न निवडलेल्या प्रतिमा पुसतात, हा नियम तुला माहीत आहे ना? मग तो तिलाही माहीत आहे. ती तूच आहेस."

"पण ते तर गणित आहे. गणिताला कसली आली भीती?"

"आम्ही नाही घातली. तुझ्याबरोबर आली. तुझी प्रत काढायची आणि मरणाची भीती तेवढी वगळायची, असं करून पाहिलं आम्ही. ती माणसं वॉर्डात टिकतच नाहीत. पहिल्याच महिन्यात खिडकीशी बसून राहतात. पेशंट हाका मारतो, ती बघत नाहीत. मग ते सोडून दिलं."

"म्हणजे त्या जगण्यासाठी 'ये' म्हणतात."

"एक कारण ते. दुसरं याहून अवघड आहे. समज, तिला पुसलं जायची भीती नाही. तरी ती 'ये'च म्हणेल. तीन वर्षं ज्याने सोसली त्याला ती वाया गेली असं म्हणवत नाही. ती वर्षंच माणसाला घडवतात, आणि घडलेला माणूस त्या वर्षांची बाजू घेतो. तुला विचारायचं असतं आत्ताच्या तुला. उत्तर देते ती नंतरची तू. जिला ते आवडलं नसतं, ती तिथे उत्तर द्यायला शिल्लकच नसते."

मृण्मयीला सारंगचा चेहरा आठवला. तो खोटं बोलला नव्हता तर. तो खरं बोलला होता, आणि ज्याने 'त्रास झाला' म्हटलं असतं तो उरला नव्हता.

"मग विचारायचं तरी कशाला?"

"मी सगळ्यांना सांगते, विचारू नका. कोणी ऐकत नाही. माझ्या मुलानेही विचारलं होतं."

"मग?"

"तो आता सुखात आहे," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "असं म्हणतो."

उठता उठता मृण्मयीने विचारलं, "आणि मॅडम, एखादी 'येऊ नकोस' म्हणाली तर?"

"क्वचित म्हणते. मला अजून उलगडलेलं नाही ते. तेव्हा जपून राहा. तीही तूच आहेस, एवढं विसरू नकोस."

मृण्मयीने त्यातला 'क्वचित' तेवढा घरी नेला.

सहावं संकेतस्थळ देवराई बालआरोग्य संस्थेचं होतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या पार टोकाला, जंगलाच्या कडेला. ते संकेतस्थळ बघून हसू यावं अशी गत. हिरवी अक्षरं, मुख्य इमारतीच्या फोटोत एक वासरू, आणि अगदी वर मोठ्या अक्षरांत सूचना की गुरुवारी पाणी येणार नाही. मुलांमध्ये अशा संकेतस्थळांना मान होता. जे लपवायचं ते लपवायला ज्यांना वेळ नाही, तिथे काम खरं असतं, असं मुलं म्हणत.

दुपारी जेवणं आटोपल्यावर तिने पुढचीला बोलावलं.

ही पुढची तयार होऊन बसलेली नव्हती. पडद्यावर आली तेव्हा ती ओले हात कोटाला पुसत होती. वेणी तशीच होती, सैल झालेली. भिंतीचा रंग पोपडे धरून उडाला होता. ती खुर्चीत बसली, समोर बघितलं आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "आई कशी हाय?"

पाच जणींनी पाच रुग्णालयांची वर्णनं केली होती, हे कोणी विचारलं नव्हतं.

"बरी हाय," ती आपोआप घरच्या बोलीत शिरली. "गुडघे दुखतेत."

"तिले उन्हात बसव थोडी." पुढची गप्प झाली. मग म्हणाली, "मृण्मयी, तू इथं येऊ नको."

"काहून?"

"विचारू नको. येऊ नको म्हणून राहिली ना मी."

"मले विचारायचाच अधिकार हाय इथं."

पुढचीने खाली बघितलं. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दोन लेकरं होती. दिवस भरायच्या आधी झालेली. दोघांले श्वासाचं मशीन पाहिजे होतं, आन् चालू मशीन एकच. जंगलातल्या गावावरून आलेल्या एका बाईचं लेकरू आधी लावलेलं होतं. मंग दुसरं आलं. सिनियर म्हणाला, हे वाचीन, ते नाही वाचणार, काढ. मीनं काढलं."

मृण्मयी पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

"मंग मायले सांगायले मलेच पाठवलं. मले वाटलं मारीन मले. तिनं मारलं नाही. तिनं मलेच धरलं आन् रडली. जसं माह्यंच लेकरू गेलं." पुढचीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "आता झोप येत नाही मले. डोळे मिटले का ते बाई येते."

"पण तू 'येऊ नको' म्हणशीन," मृण्मयी कशीबशी म्हणाली, "आन् मी नाही आली, त ते तुले पुसून टाकतीन."

"पुसू दे. बरं होईन. तू तं राहशीन."

पडदा बंद केल्यावर मृण्मयी बराच वेळ हुंदके देत बसली. आणि त्या रडण्यातच तिचा निर्णय होत गेला.

तो कसा झाला हे समजायला डॉक्टरांची एक सवय माहीत हवी. आजाऱ्याची हकिकत विचारून घेणं हे डॉक्टरकीतलं पहिलं काम. इंटर्नशिपमध्ये भोयर सरांनी ते तिच्या तुकडीकडून घोटून घेतलं होतं. दारूला कधी शिवलो नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारा, सर म्हणायचे. पण जो आपल्याच तोट्याचं सांगतो, त्याचं लिहून घ्या. त्याला खोटं बोलून काय मिळणार? नव्या डॉक्टरांच्या हाडीमाशी हा नियम इतका भिनतो की ते घरच्या माणसांनाही तोच लावतात. मृण्मयीनेही लावला. पाच जणी फायद्याचं बोलल्या. सहावी स्वतःच्या मरणाचं बोलली. तेव्हा सहावी खरी. आणि जी तीन वर्षं असल्या ठिकाणी काढूनही परक्या बाईच्या दुःखाने रडते, आईच्या गुडघ्यांची काळजी करते, आपल्याला वाचवायला स्वतः पुसली जायला निघते, तिच्यातली मृण्मयी शाबूत होती. चांदूरकर मॅडम म्हणाल्या होत्या की जुनी तू शिल्लकच राहत नाही. इथे राहिली होती.

मग जायचं ते तिथेच. ती नको म्हणते म्हणूनच तिथे.

आईला हे पटेना. ती भाजी निवडत बसली होती. "ते पोरगी नको येऊ म्हणते," आई म्हणाली, "आन् तू तिथंच चालली? माणूस नको म्हणते त नको. त्याच्यात एवढं डोकं काहून लावून राहिली?"

"आई, ती रडली वं. दादा कधी रडला? तिथून आल्यावर एकदा तरी?"

आईने हातातली मेथीची काडी तशीच धरली. सारंगबद्दल या घरात कोणी असं बोलत नसे. "त्याले काय झालं?" ती म्हणाली, पण ते विचारल्यासारखं नव्हतं.

"मले तसं नाही व्हायचं. मले हाल चालतीन. तसं नाही व्हायचं."

"मंग तुह्या मनानं कर," आई म्हणाली आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं. तिचे डोळे भरून आलेले मृण्मयीने पाहिले आणि तिला आणखीच खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी तिने देवराई पहिल्या पसंतीला टाकून कुलूप लावलं. एकदा लागलं की ते उघडत नाही. तशी दोनदा सूचना आली, तिने दोनदा होकार दिला. लगेच बाकीच्या पाच संकेतस्थळांवरच्या तिच्या खिडक्या राखाडी झाल्या. त्यातली अरुणिमाची, केस कापलेली, शेवटी गेली. तिला निदान सांगून यायला हवं होतं असं मृण्मयीला वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचं तिला बरंही वाटलं.

निवडलेली प्रतिमा उमेदवार रुजू होईपर्यंत ठेवतात; पुढे उमेदवारच हळूहळू ती होत जातो. मृण्मयीने देवराईचं संकेतस्थळ उघडलं. तिला पुढचीला धीर द्यायचा होता. सांगायचं होतं की तू एकटी नाहीस, मी सगळं ठाऊक असून येतेय, आणि ते मशीन काढायची वेळ आली तर मी काहीतरी वेगळं करीन.

"टाकलं?" पुढचीने ती दिसताच विचारलं.

"टाकलं. पहिलंच. कुलूपही लागलं."

"बाकीच्या गेल्या?"

"गेल्या."

पुढचीने खुर्चीत मागे टेकून एक मोठा श्वास सोडला. मग वेणीतून निसटलेली बट नीट कानामागे खोचली. "चला, बरं झालं," ती म्हणाली. आता तिच्या बोलण्यात वरूड नव्हतं. राउंडला सिनियर बोलतात तसं स्वच्छ, तुटक बोलणं. "अरुणिमावालीची मला धास्ती होती. तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असणार. पण ती 'ये' म्हणाली असेल. सगळ्या तिथेच चुकतात."

मृण्मयीला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं.

"तू तर येऊ नको म्हणाली होतीस."

"मग काय म्हणायला हवं होतं? या अशा ठिकाणी 'ये' म्हटलं असतं तर तू आली असतीस? मी तुला चांगली ओळखते. तू कोणाचं खरं धरतेस ते मला माहीत आहे."

"आणि ते लेकरू? ती बाई?"

"ते सगळं खरं आहे. लेकरू खरं, त्याची आई खरी. मशीन मी खरंच काढलं. फक्त झोपेचं तेवढं... झोप लागते मला. पहिलं वर्षभर लागत नव्हती. नंतर लागायला लागली."

"तू रडत होतीस."

"नातेवाइकांसमोर थोडं लागतं गं ते," पुढची सरळ म्हणाली. तिच्या आवाजात ना लाज होती ना फुशारकी. "डॉक्टर रडला की त्यांचा राग निवतो. तोडफोड होत नाही, कोणाला मार बसत नाही. आपल्या नर्स वाचतात त्यामुळे. वाईट गोष्ट नाही ती. शिकशील तू."

"आईचं विचारलंस ते?"

पुढची प्रथमच जराशी अडखळली. "ते तुला लागेल हे माहीत होतं," ती म्हणाली. आणि मग, काहीतरी राहून गेल्यासारखं तिने पुन्हा विचारलं, "बरी आहे ना?"

"तू मला फसवलंस," मृण्मयी म्हणाली. आवाज तिला वाटला तितका मोठा निघाला नाही. "मला. स्वतःला."

"तुला कसलं फसवलं? तुला जिथे जायचं होतं तिथेच चालली आहेस. जिथे गेली असतीस तिथे आत्ताची तू उरणार नव्हतीसच, अरुणिमात नाही आणि इथेही नाही. मग कोणीतरी उरायचंच तर मी का नको? तीन वर्षं काढली आहेत मी इथे. शेकड्यांनी लेकरं माझ्या हातून घरी गेली आहेत. ते सगळं एका दुपारी राखाडी होऊन जाऊ द्यायचं, कारण वरूडच्या एका मुलीला बरं वाटेना?" मग ती थोडी मऊ झाली. सारंग पेशंटशी बोलताना होतो, तितकीच. "मनाला लावून घेऊ नकोस. तीन वर्षांनी तुला हेच बरोबर वाटेल. मला वाटतं ना."

मृण्मयीने पडदा बंद केला.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय म्हणते वं ते पोरगी? खूश झाली काय?"

मृण्मयीने देवराईची पसंती पुन्हा उघडून पाहिली. कुलूप उघडत नव्हतं, कोणाकडे तक्रार करायची सोय नव्हती. कारण गुन्हा करणारी तीच आणि फिर्यादीही तीच. तिला संताप यायला हवा होता. तो आत कुठेतरी असेल म्हणून तिने तो शोधला. भीती सापडली, दुःखही सापडलं. पण या दोन्हींच्या वर काहीतरी तरंगत होतं आणि ते काय आहे हे तिला लवकर ओळखू येईना. तिला पुन:पुन्हा आठवत होतं ते पुढचीचं काम. ओले हात पुसत येणं. रुग्णालयाचं एक अक्षर न काढता आधी आईचं विचारणं. जिथे थांबायचं तिथे थांबणं. डोळ्यांतलं पाणी न पुसणं. एकही हालचाल वाया गेली नव्हती. इवल्याशा बाळाच्या केसाएवढ्या शिरेत कोणी पहिल्याच खेपेला सुई घातली की बघणाऱ्या डॉक्टरला जे कौतुक वाटतं, ते तिला वाटत होतं.

"हुशार आहे," ती मनात म्हणाली. आणि मग तिला आठवलं की देवराईला रुजू व्हायला अजून महिना होता, आणि ती आत्ताच पुढचीसारखी बघायला लागली होती.